काचेच्या पेटीतली विळी

मित्रांनो, मी एक जुनी विळी आहे. सांगलीला विश्रामबागेतल्या नव्या कला-संग्रहालयात मला काचेच्या पेटीत ठेवलं आहे. वर दिवा सोडलेला असतो. लोक फोटो काढतात आणि "काय डिझाइन आहे!" म्हणतात. मला त्याचा भारी वैताग येतो.

माझा जन्म खंडाळ्याला ज्ञानू लोहाराच्या भट्टीवर झाला. साताऱ्याच्या भामाबाईंचा डावा पंजा कडबा कापायच्या यंत्रात, कडबाकुट्टीत, गेला होता. नवरा आधीच वारलेला, मुलगा बुद्धभूषण लहान.

"एका हातानं चिरता यील असं कायतरी करून द्या वं," त्या ज्ञानूला म्हणाल्या.

ज्ञानूने त्यांना जमिनीवर बसवून नीट पाहिलं. मग मला रुंद, जड पाट दिला, म्हणजे पायाखाली मी हलू नये. पात्याशेजारी खाचेत सरकणारा लाकडी ठोकळा बसवला. डाव्या मनगटाने तो रेटायचा, उजव्या हाताने भाजी धरायची. माझं डिझाइन ते एवढंच.

आम्ही दोघींनी खानावळीचे कांदे चिरले, लग्नाघरची वांगी चिरली. बायका म्हणायच्या, "आमाला दोन हातांनी उरकंना, आन भामाबाईचं बघा!" ते ऐकून मीसुद्धा फुगायची, खोटं कशाला सांगू? बुद्धभूषण शिकला, कारखान्यात लागला. "आई, आता बस कर," असं रोज म्हणू लागला. त्या ऐकतील तर शपथ!

"माझ्या हातानं करून खाते, कुणाच्या जिवावर न्हाई," त्या म्हणायच्या.

एकदा संग्रहालयाच्या ब्राह्मीताई रोजच्या वापरातल्या वस्तू शोधत घरी आल्या. भामाबाई बहिणीकडे गेल्या होत्या. बुद्धभूषणला वाटलं, आईच्या विळीचा मान होईल आणि आईला विसावाही मिळेल. त्याने मला घासूनपुसून देऊन टाकलं. आईला विचारलं नाही.

पुढचं मला तो आईला घेऊन इथे आला तेव्हा कळलं. भामाबाईंचा उजवा हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्टीत होता. मी गेल्यावर त्यांनी हट्टाने ओट्यावर सुरी घेतली होती. डाव्या मनगटाने कांदा दाबला, तो निसटला, उजवा हात मुठीवरून पात्यावर घसरला आणि तळहात खोल कापला. साखरेचं दुखणं, जखम चिघळली. बोटं काढावी लागली. हे बुद्धभूषण ब्राह्मीताईंना सांगत होता, तेव्हा मी ऐकलं.

भामाबाई माझ्याकडे बघत होत्या. "पातं उभं कशाला ठिवलंय गं? काम झाल्यावर विळी पाडून ठेवावी. कुणाला तरी लागंल."

ब्राह्मीताईंनी पेटी उघडली आणि मला आडवं केलं. "आजी, घेऊन जा हिला. तुमचीच आहे."

"आता नेऊन काय करू बाळे? ऱ्हाऊ दे हितंच."

मला ओरडावंसं वाटलं. पण विळीला कुठलं तोंड?

दुपारी बाहेरच्या पायरीवर बुद्धभूषणने डबा उघडला. तो भाकरीचा एकेक घास करून आईला भरवू लागला. मला काचेतून सगळं दिसत होतं. भामाबाई डोळे गच्च मिटून तोंड उघडत होत्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी, ओबडधोबड वस्तू असेल. ती कुणाला देण्याआधी, अगदी मानाने द्यायची असली तरी, जिची आहे तिला एकदा विचारा. माझ्या भामाबाईंना कुणी विचारलं नाही हो.