बाहेरचं कोणी आलं नव्हतं

सांगा बरं, विकणारा म्हणतो मासोळी ताजी, घेणारा म्हणतो शिळी. तुम्ही विश्वास कोणावर ठेवाल? माझे पहिले मालक, वडशाचे गुणवंतराव, म्हणायचे, "दोघाईवर नाई. कल्ला उचलून पाहा."

मी त्या गुणवंतरावांची मासोळीची पेटी बोलतेय. निळी, जाड भिंतींची. आत बर्फ भरून झाकण नीट लावलं, तर भर उन्हातही दिवसभर गार राहते. तळ्यातले रोहू, कतला, झिंगे, सगळे माझ्या पोटातून गेले. बाजारात बसून माणसाची एक सवय मात्र माझ्या ध्यानात आली. माल चांगला निघाला की तो आपल्या तळ्यातला, आणि खराब निघाला की दुसऱ्याच्या.

महामारी आली आणि बाजार बंद पडला. जंगलाकडच्या आरोग्य केंद्राला पेट्या कमी पडतात, असं गुणवंतरावांच्या कानावर आलं. त्यांनी मला उचललं आणि तिथल्या नर्सबाईंच्या, दीपिकाच्या, हवाली केलं. "वास जाईन का जी इचा?" तिनं विचारलं. "वास राहू द्या. थंडी पाहा," मालक हसत म्हणाले.

मग माझ्या पोटात मासोळीच्या जागी बर्फाच्या पिशव्या आणि घट्ट बुचाच्या नळ्या आल्या. नाकातून काढलेला नमुना त्या नळ्यांत असायचा. जीप बिरजूची. नाक्यावर पोलिसानं झाकणाशी वाकून नाक मुरडलं, की बिरजू म्हणायचा, "साहेब, मासोळी नाई, गावाची सर्दी आहे. देऊ का पावभर?" पोलीस दोन पावलं मागे.

नळ्या नागपूरला कशाला जातात, याचं मला फार कुतूहल होतं. आजार आहे की नाही, हे तर जवळच कळत होतं. मग एवढ्या लांब काय बघतात?

ते कळलं एका गावामुळे. होळी जवळ आली होती. गावात तापाची साथ आली, आणि तिथल्या सुगंधाबाईचे यजमान लटारूभाऊ ऑक्सिजनवर गेले. त्याच सुमारास बुधरी आणि तिचा नवरा लालसू तेलंगणातून मिरची तोडून परतले होते. बुधरीलाही ताप. झालं! सगळ्यांची बोटं तिच्या झोपडीकडे वळली. हातपंपाच्या वाटेवर गावानं बाभळीची काटेरी फांदी आणून टाकली. दुकानदार तिला मीठ देईना. मोहफुलं वेचायचे दिवस तोंडावर आलेले, पण व्यापाऱ्याला सांगून ठेवलं होतं की तिचा मोह घ्यायचा नाही. वर्षभराची चूल त्यावर चालणार होती.

"मी कोनाच्या घरी गेलीच नाई," बुधरी लांबूनच ओरडून सांगायची. "मंग बिमारी देली कसी?"

"वाऱ्यानं देली असन," सुगंधाबाईनं सुनावलं. "माहा मानूस मेला तर तुह्या दारात आनून ठेवीन."

दीपिका घरोघर नमुने घेत होती आणि मी अंगणात बसले होते. ती प्रत्येकाला विचारायची, "मागच्या पंधरवड्यात बाहेरचं कोणी आलं होतं का?"

"नाई वं माय," सुगंधाबाई म्हणाली. "आमच्या घरी बाहेरचं कोन येते?"

दुसऱ्या, तिसऱ्या, सगळ्याच घरांत तेच उत्तर. बुधरीच्या नळीसकट सगळ्या नळ्या घेऊन मी नागपूरला गेले. तिथल्या प्रयोगशाळेतल्या पोरानं झाकण काढलं आणि विचारलं, "यात झिंगे आहेत काय?" पण हात लावल्यावर म्हणाला, "थंड आहे. चालेल." मला एवढं पुरे होतं.

महिना उलटला. लटारूभाऊ घरी आले, पण चार पावलं चालले की धाप लागायची. त्याच दिवसांत दीपिका निकाल घेऊन आली आणि पंपाजवळच्या निंबाखाली तिनं लोकांना बसवलं.

"साथ यायच्या आधी नाटक झालं होतं ना गावात? त्यातला गडी गाण्याची एक ओळ विसरला होता."

"हो! आता आमचे पोट्टे ते ओळ गाळूनच गाऊन राह्यले," लटारूभाऊ हसले आणि खोकले.

"तर मंग ती ओळ गाळून गाणारा पोट्टा दिसला, तर त्यानं गाणं या नाटकातून उचललं, हे कळते. पूरं गाणारा दुसरीकडून शिकला. विषाणूचंही तसंच हाये. एकातून दुसऱ्यात जाताना त्याची नक्कल होते, मधून मधून बारीकशी चूक होते, आणि ते चूक पुढं चालत राह्यते. नागपुरात तेच वाचतात."

दीपिका पुढे म्हणाली, "तुमच्या सगळ्याईच्या विषाणूत एकसारख्या चुका हायेत. त्या दिवसांत नागपुरात जो फिरत होता, तोच. बुधरीचा येगळा हाये. तिचा आजार तिच्यापाशीच थांबला. गावात गेला नाई."

"मंग नागपूरचा इथी आला कसा?" सुगंधाबाई उसळली. "बाहेरचं तं कोनी आलं नवतं."

दीपिकानं तिला वेगळंच विचारलं. "बाई, नाटकाच्या दिवशी तांदूळ किती शिजवला?"

"दोन पायल्या!" सुगंधाबाई अभिमानानं म्हणाली. "माहा भाऊ, भाचे, जावई, सारे नागपूरहून आले होते. आपलेच मानसं. ते काय बाहे..."

आजूबाजूच्या बायांनी माना खाली घातल्या. नाटकाला पाहुणे कोणाच्या घरी नव्हते? पण आपल्या माणसाला पाहुण्यात कोण मोजतं!

"माह्या भावानं आनला का वं?" तिचा आवाज बारीक झाला.

"ते यावरून सांगता येत नाई," दीपिका म्हणाली. "आणि आता त्याच्या दारात काटे टाकायचे नाई."

मग सुगंधाबाई उठली. नुसत्या हातांनी बाभळीची फांदी ओढत तिनं बांधापलीकडे फेकली. माफीचा शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. लांब उभी असलेली बुधरी तोंडावर पदर धरून पंपापर्यंत आली, तिनं घागर खाली ठेवली.

"काटा गेला हातात," ती सुगंधाबाईला म्हणाली. "दाखव."

सुगंधाबाईनं हात पुढे केला.

त्या वर्षी बुधरीचा मोह विकला गेला, हे मला बिरजूकडून कळलं.

आता माझं झाकण एका बाजूनं चिरलंय, बर्फ लवकर पाघळतो. मी केंद्राच्या व्हरांड्यात असते आणि तापाचे नमुने निघाले की अजून जीपमध्ये चढते. माझ्या अंगाचा मासोळीचा वास काही गेला नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. मी थंडी सांभाळते, नागपूरची माणसं वाचतात, पण कोण आलं आणि कोण गेलं, हे शेवटी तुम्हीच सांगायचं असतं. तेवढा हिशोब खरा ठेवा. आणि मोजायला बसाल, तेव्हा आपल्या माणसांपासून सुरुवात करा.