दहापर्यंत धरलेली कांब

कोथिंबिरीची जुडी, न धुताच तोडून खाल्लेली.

आबिड्सच्या पोस्टावर नवं निशाण. दारातला शिपाई हात उचलतो आणि मध्येच थांबतो; सलाम कुठला, ते आठवत.

फुटलेला थर्मामीटर.

पाच.

"सहा," खतडेपोचे साहेब नामदेवराव मोजत होते.

उमाजीने अकराव्या ढिगातून उपसलेली लोखंडी कांब मुठीत धरली होती. शहराच्या सांडपाण्याचा गाळ, त्यात पाला मिसळून रचलेले हे ढीग आतून तापत. ताप पुरेसा चढला की हगवणीचे जंतू, जंतांची अंडी मरत. सप्टेंबरातल्या पोलीस ॲक्शनच्या धांदलीत थर्मामीटर फुटला, नवा आला नाही. तेव्हापासून कांब तासभर ढिगात खुपसायची आणि उमाजीने धरायची. दहा मोजायच्या आत हात सुटला, तर ढीग गरम, खत शेतात जायला मोकळं. दहापर्यंत धरवली, तर ढीग थंड, पुन्हा उलटायचा.

"नऊ. दहा."

"थंड आहे, साहेब."

फाटकाशी गाडी सोडून बसलेले एकनाथराव उठले. मळ्यासाठी खत न्यायला त्यांची ही चौथी खेप होती.

"हौ रे उमाजी, खाली चूल पेटवून देऊ का? माघ संपला, तुझा ढीग काही तापंना. भाजी लावायची राहिली माझी."

उमाजी हसला नाही. सकाळच्या गारठ्यात त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. कांब अजून मुठीतच होती.

नामदेवरावांनी ती त्याच्या हातातून घेतली. तीन म्हणायच्या आत ती दगडावर पडून खणखणली.



"किती ढीग असे थंड केलेस?" नामदेवरावांनी हळू विचारलं.

"पाचव्यानंतरचे सगळे."

"उमाजी."

"पाचव्याचं खत नदीकाठच्या मळ्यात गेलं, साहेब. तिथलीच कोथिंबीर बायकोनं, भामानं, आणली होती. प्रमिला चुलीपाशी बसून दांड्यासकट खात होती. मी म्हटलं, बकरी झाली बघ आपली पोर." त्याने तळवा धोतराला पुसला. "आठ दिवस पण नाही काढले पोरीनं; हगवणीनं गेली."

"डॉक्टर तर म्हणाले, पाणी बाधलं."

"म्हणाले."

"मग आता काय, जन्मभर थंडच म्हणणार?"

"गरम म्हणायला जातो, अन् ती खाताना दिसते."

"ठरलं का काही?" एकनाथरावांनी फाटकातून हाक मारली. "का बैलांनाच विचारू?"

नामदेवरावांनी वही उघडली. पेन्सिल बोटांत नीट धरवेना. अकरावा ढीग, त्यांनी लिहिलं, थंड, उलटणे. मग ते फाटकापर्यंत गेले.

"पुढच्या सोमवारी या, एकनाथराव."

"परत सोमवार! अन् हात कशानं लाल झाला तुमचा?"

नामदेवरावांनी हात कोटाच्या खिशात घातला.

मागे उमाजीने फावडं उचललं होतं. ढिगाचा माथा फुटला तशी वाफ उसळली आणि तो कमरेपर्यंत दिसेनासा झाला.

सप्टेंबरात, पाचवा ढीग तपासायचा होता त्या दुपारी, फाटक लावून घरी पळायची दोघांनाही घाई होती. कांब ढिगातून उपसलीच गेली नव्हती. 'गरम' असं नामदेवरावांनी लिहिलं, तेव्हा उमाजी शेजारी कुलूप घेऊन उभा होता.