हणमंतरावांचं म्हणणं असं

संक्रांतीच्या कार्यक्रमाला जयपूरच्या मराठी मंडळात हणमंतराव निकमांनी स्वतःच्या हाताने द्वारकाच्या तळहातावर तिळगूळ ठेवला होता. वर आणि म्हणाले होते, घ्या वहिनी, गोड बोला. त्याच आठवड्यात, त्याच तोंडाने, ह्या माणसाने तिच्या पोरीचा भर कबड्डीच्या मैदानात दम तोडला. अशा माणसाला काय म्हणावं? द्वारका जे म्हणाली ते इथे सांगण्यासारखं नाही. बाई मूर्तिजापूरची, अस्सल वऱ्हाडी, तेव्हा कमी काही म्हणाली नसणार एवढं समजून घ्या.

द्वारका वानखडे रेल्वेत घोषणा करायची. आता बहुतेक घोषणा मशीनच करतं, पण ऐनवेळी प्लॅटफॉर्म बदलला, कुणाची म्हातारी चुकली, कुणाचं पोर हरवलं, की माइक द्वारकाच्या हातात. नवऱ्याच्या जागी लागली होती ती. जनार्दन ट्रॅकमन होता. धुक्याच्या सकाळी रुळावर काम करताना मागून गाडी आली आणि त्याला ती ऐकू आली नाही. सावनी तेव्हा दुसरीत होती. मग अनुकंपा म्हणून बाईला नोकरी मिळाली, आणि तिला शिकवणाऱ्या जुन्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, जे कळवलं जाईल तेवढंच बोलायचं. पदरचं काही घालायचं नाही, गाळायचं नाही, आवाजात राग-लोभ आणायचा नाही, आणि प्रत्येक गोष्ट तीनदा सांगायची. द्वारकाने ते असं काही अंगात मुरवलं की घरीसुद्धा ती सावनीला जेवायला तीनदा हाक मारायची.

रेल्वेच्या मैदानावर काही स्पर्धा असली की घोषणेला द्वारकाच लागायची. ह्या वर्षी तर पोरगीच खेळत होती. सावनी रेल्वे कॉलनीच्या संघाची चढाईपटू. पोरीचं मराठी अडखळतं, जयपुरात वाढलेली ना, पण समजायचं सगळं, आणि शिव्या तर जरा जास्तच समजायच्या. रेल्वेच्या महिला संघात चढाईसाठी एक जागा होती. संघात जागा म्हणजे नोकरी. निवड करणारी माणसं रोज खुर्च्या टाकून पुढे बसत, आणि त्यांची नजर दोन पोरींवर होती. एक सावनी, दुसरी विद्याधर नगरच्या क्लबची अमिता. अमिता ही हणमंतरावांची मुलगी. आता आलं लक्षात?

पोरगी गुणी होती, तिला नावं ठेवायला जागा नाही. आई सीकरची, घरात सगळं हिंदी आणि मारवाडी, त्यामुळे बापाची भाषा तिला पाणी, भाकरी आणि बाबा एवढीच ठाऊक. हणमंतराव मूळचे मिरजेचे, रेल्वेच्या ऑफिसात मोठे बाबू, आणि माणूस असा की केसाने गळा कापेल आणि वर विचारील, वहिनी, दुखलं तर नाही ना?

सेमीफायनलला अमिताचा क्लब आपली मॅच आधीच जिंकून मोकळा झाला होता. तरी हे गृहस्थ थांबले. मध्यरेषेजवळ दोरीला खेटून उभे राहिले, आणि सावनी चढाईला निघाली की टाळ्या वाजवत, हसत हसत मराठीत बोलू लागले. आजूबाजूच्यांना वाटलं, काय कौतुक करतोय हा माणूस. एका भैयाने तर त्यांची पाठ थोपटली. द्वारकाचं टेबल तिथून हाताच्या अंतरावर. तिने शब्द न् शब्द ऐकला.

"पळ पोरी, मागनं गाडी आलीया! बापाला नाही ऐकू आली, तुला तरी येऊ दे!"

कबड्डीत चढाई म्हणजे सगळा श्वासाचा खेळ. तोंडात कबड्डी, कबड्डी चालू पाहिजे, तो तुटला की बाद. सावनीचा दम मधेच तुटला. पोरगी समोरच्या अंगणात नुसती उभी राहिली, पंचाने हात वर केला. पुढच्या चढाईला पुन्हा तेच. कॉलनीचा संघ बाकीच्या पोरींच्या जिवावर कसाबसा जिंकला.

द्वारका तडक स्पर्धेच्या सेक्रेटरींकडे गेली. मीणाजी भला माणूस, पण कचाट्यात सापडलेला. अपशब्द वापरणाऱ्याला बाहेर काढू, असा फलक त्यांनीच गेटवर लावला होता. ते म्हणाले, मॅडम, मला मराठी येत नाही, पंचांना येत नाही. माणूस हसतोय, टाळ्या वाजवतोय, त्याला काय म्हणून काढू? पब्लिक आहे, बोलणारच. द्वारकाने तिथल्या तिथे हिंदी करून सांगितलं तर म्हणाले, तुम्ही मुलीच्या आई, तुमचं एकटीचं कसं धरू?

मग ती हणमंतरावांच्याच पुढे जाऊन उभी राहिली. आणि हा गृहस्थ काय म्हणाला असेल?

"वहिनी, खेळ म्हटला की पब्लिक बोलणारच. बोलायचा हक्क आहे मला, घटनेनं दिलाय. तुमच्या घरात तर भिंतीवर लावलीया की."

लावली होती खरंच. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी घटनेची उद्देशिका, जनार्दनने पहिल्या पगारातून फ्रेम करून आणलेली. हणमंतरावांनी ती गेल्या वर्षी चहा पिता पिता पाहिली होती. द्वारकाच्या कानशिलात आग उठली. घटना मला शिकवतो हा मेला, आणि तीही माझ्याच भिंतीवरची.

घरी आल्यावर सावनी गुडघ्याची पट्टी सोडत बसली होती. म्हणाली, फायनल नाही खेळणार. द्वारकाने विचारलं, काहून?

"आई, मतलब, तो बोलतो ना, तेव्हा मला सच में मागून गाडी ऐकू येते."

द्वारका उठून स्वयंपाकघरात गेली. पोळपाट घेतला आणि दोघींना पुरून उरतील एवढ्या पोळ्या लाटत सुटली. तिला हणमंतरावाचं थोबाड फोडायचं होतं. त्याच्या घरी जाऊन बायकोपुढे त्याची लाज काढायची होती. पण थोबाड फोडलं तर मंडळात ती भांडकुदळ ठरणार आणि तो बिचारा, हेही तिला कळत होतं. शेवटी ती म्हणाली, तू निसती उतर पोरी, त्याचं मी पाहून घेईन. कसं, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

ते तिला सुचलं दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर. अजमेरच्या गाडीचा प्लॅटफॉर्म बदलला होता. ती माइकवर तेच वाक्य तिसऱ्यांदा बोलत होती आणि बोलता बोलता थांबली. मग स्वतःशीच हसली. शेजारच्या बाबूने विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही भैया, एका माणसाचा हक्क द्यायचा राहिला होता.

फायनल कॉलनी आणि विद्याधर नगरची, मैदान भरलं. कडुनिंबात अजून संक्रांतीचे पतंग लटकत होते, आणि खाली बसलेले बहुतेक रेल्वेचेच. ट्रॅकमन, शंटिंगवाले, केबिनवाले, त्यांच्या बायका-पोरी, काही छावणीतले जवान. हणमंतराव नेहमीच्या जागी, दोरीला खेटून. गळ्यात नवा मफलर. द्वारकाला त्यांनी लांबून नमस्कारही केला.

सावनी पहिल्या चढाईला गेली. हणमंतराव टाळ्या वाजवत म्हणाले, "बाप मेला म्हणून आईला नोकरी लागली. आता पोरीला लावायला कोण मरणार?" सावनीचा दम तुटला. द्वारकाचा हात माइकच्या बटणावर गेला आणि तिथेच थांबला. नाही, एवढ्यावर नाही. तिला त्याचं सगळं पाहिजे होतं. पोटची पोर डोळ्यांदेखत मान खाली घालून बाहेर बसली, निवडवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं, तरी बाई दगडासारखी बसून राहिली. सूड घ्यायचा तर अर्धा काय घ्यायचा? सावनी परत आत आली, पुन्हा चढाईला निघाली आणि हणमंतरावांनी ती गाडी सोडलीच. मागनं आलीया, बापाला नाही ऐकू आली. सावनी बाद. हणमंतराव शेजारच्याला हसून शेंगदाणे देत होते.

तेव्हा द्वारकाने बटण दाबलं.

"दर्शकगण कृपया ध्यान दें."

तोच स्टेशनवरचा आवाज. थंड, स्वच्छ, ना राग ना लोभ. विद्याधर नगरहून आलेल्या श्री. हणमंतराव निकम यांचं म्हणणं असं, की आत्ता चढाई करणाऱ्या मुलीचा बाप रुळावर गाडीखाली मेला, कारण त्याला मागून येणारी गाडी ऐकू आली नाही. निकमजींचं मुलीला सांगणं आहे की तिने तरी ऐकावी. निकमजींचं असंही म्हणणं आहे की बाप मेला म्हणून आईला नोकरी मिळाली, तेव्हा आता मुलीच्या नोकरीसाठी घरातलं कोण मरणार, हे कळवावं. शुद्ध हिंदीत, एक शब्द जास्त नाही की कमी नाही. आणि मग तिने ते पुन्हा सांगितलं.

पहिल्या खेपेला मागचे काही लोक हसले, कॉमेंट्री समजून. दुसऱ्या खेपेला हसू मेलं. मीणाजी माइक हिसकावायला धावत आले, पण टेबलाशी पोचेपर्यंत द्वारका नोकरीच्या वाक्यावर आली होती. मीणाजींचे वडील शंटिंग करताना दोन डब्यांच्या मध्ये गेले होते, आणि रेल्वेतली नोकरी त्यांनाही तशीच लाभली होती. ते पुढे केलेला हात तसाच ठेवून उभे राहिले, मग मागे होऊन एका खुर्चीत बसले. द्वारकाने तिसऱ्यांदा सांगितलं. त्या मैदानात रुळावर माणूस गमावलेली किती घरं बसली होती हे हणमंतरावांनी कधी मोजलं नव्हतं. मोजायचं कशाला? ते तर मराठीत बोलत होते.

"खोटं बोलतीया ही!" हणमंतराव ओरडले, आणि मग हिंदीत, सगळं खोटं आहे, मी तर मुलीला चिअर करत होतो.

द्वारकाने तेही माइकवर सांगितलं. निकमजींचं म्हणणं असं, की उद्घोषिका खोटं बोलत आहे.

तेवढ्यात जवानांमधून एक जण उभा राहिला. विशाल नाव त्याचं, साताऱ्याकडचा. मान खाली घालूनच म्हणाला की तो मराठी आहे आणि बाई बोलल्या ते खरं आहे. सेमीफायनललाही त्याने हेच ऐकलं होतं. आधीच बोलायला हवं होतं, असं म्हणून तो खाली बसला.

द्वारकाला वाटलं होतं की लोक हणमंतरावाला धरून बडवतील, आणि खरं सांगायचं तर तिची ना नव्हती. पण कुणी हात लावला नाही. शेजारचा माणूस उठला, हातातले शेंगदाणे त्याने हणमंतरावांच्या पायाशी टाकले आणि दुसरीकडे जाऊन बसला. मग त्याच्या पलीकडचा उठला. बघता बघता दोरीची ती सगळी बाजू रिकामी झाली. मीणाजींनी गेटवरच्या दोघांना बोलावलं, ह्या माणसाला बाहेर काढा म्हणाले. द्वारकाने हात आडवा केला.

"राहू द्या साहेब. पब्लिक आहे, बोलू द्या. हक्क आहे त्यांना."

हणमंतराव जाऊही शकत नव्हते, पोरगी मॅटवर होती ना. ती मध्यरेषेपाशी उभी होती आणि बापाकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला बापाचं मराठी बोलणं पूर्ण समजलं होतं. ती खेळली शेवटपर्यंत, पण त्या बाजूला तिने पुन्हा पाहिलं नाही. सावनीच्या पुढच्या चढाईला मैदान इतकं गप्प झालं की तिचा कबड्डी, कबड्डी सगळ्यांना ऐकू येत होता. दम टिकला. दोघींना बाद करून ती परतली, आणि मग तिला कुणी धरूच शकलं नाही. कॉलनी जिंकली. निवडवाले सावनीला बोलावून तिच्याशी बराच वेळ बोलत राहिले. द्वारका टेबलावरून सगळं बघत होती आणि तिच्या जिवाला गार गार वाटत होतं.

उन्हं उतरली, लोक पांगले. द्वारका वायर गुंडाळायला उठली तर समोर हणमंतराव. मफलर हातात. अमिता कुठे दिसत नाही, म्हणाले, फोन बंद आहे, क्लबच्या पोरी म्हणतात आम्हाला माहीत नाही. जरा माइकवर सांगता का वहिनी, बाबा गेटपाशी थांबलेत म्हणून.

अमिता कुठे होती ते द्वारकाला दिसत होतं. नळाच्या पलीकडे कॉलनीच्या पोरींच्या घोळक्यात, सावनीच्या शेजारी, हातात चहा घेऊन पाठमोरी बसली होती. हणमंतरावांना त्या घोळक्यात बघायचं सुचलं नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं द्वारकाला. इतकी पोरं आणि म्हाताऱ्या तिने शोधून दिल्या होत्या, कुणाला नाही म्हटलं नव्हतं. पण नाही वाटलं, त्याला ती तरी काय करणार?

तिने बटण दाबलं आणि माइक त्यांच्यापुढे धरला.

"तुम्हीच बोला भाऊ. मराठीत बोला, हिंदीत बोला. आज कोणी अडवणार नाही."

हणमंतरावांनी माइक घेतला. "अमिता," म्हणाले. भोंग्यातून ते नाव मैदानभर गेलं. नळापाशी बसलेल्या सगळ्या पोरींनी माना वळवल्या, एकीने सोडून. हणमंतरावांना ती दिसली. त्यांनी पुढचा शब्द बोलायला तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. भोंग्यातून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता, तुटका तुटका.

द्वारकाने त्यांच्या हातातून माइक काढून घेतला, बटण बंद केलं आणि वायर गुंडाळून पिशवीत ठेवली.