तळहातातली गाठ

टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मास्तरांचा ड्रमचा क्लास होता. त्या संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्यावर लोक ड्रमच्या खोक्यांवर बसले, खोकी संपल्यावर जिन्यात उभे राहिले. सगळ्यांचे डोळे एका हातावर होते.

हात एका कारकुनाचा. दिवसभर कचेरीत टायपिंग करायचं आणि संध्याकाळी इथे येऊन ड्रम बडवायचे, हा त्याचा नेम. त्याच्यासमोर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत स्पर्शसिद्ध उभा होता. हे नाव त्याचं त्यानेच ठेवलेलं. मास्तरांच्या आठवणीत तो टाचदुखीच्या चपला विकायचा, पण त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

"तीन मिनिटं जीव तोडून वाजवा," सिद्ध म्हणाला. कारकून घामाघूम होईपर्यंत वाजवत राहिला. "आता मूठ आवळा. मनगट आत वळवा. अजून आवळा. अडलेला ओघ वर येतोय, मला दिसतोय."

ओघ आला. कारकुनाच्या कोपराखाली स्नायूचा गोळा टरारून उभा राहिला, चेहरा वाकडा झाला आणि मूठ काही केल्या उघडेना. मग सिद्धाने डोळे मिटले. "ये ओघा, जा ओघा, वाट मोकळी हो ओघा," असं गुणगुणत त्याने कारकुनाची बोटं हलक्या हाताने मागे वाकवत नेली. अर्ध्या मिनिटात हात मोकळा झाला. कारकुनाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि जिन्यापर्यंत टाळ्या वाजल्या.

मास्तर मागच्या भिंतीला टेकून हे बघत होते. त्यांच्या डोक्याच्या वर भिंतीवर, त्यांनीच क्लास काढला त्या वर्षी लाल रंगात लिहिलेली पाटी होती : स्टिक घट्ट धरा.

असले लोक त्यांनी पुष्कळ पाहिले होते. एक लोहचुंबकाचे पट्टे घेऊन आला होता. दुसऱ्याने ड्रमची तोंडं फिरवायला लावली, तेव्हा अख्खा क्लास आठवडाभर भिंतीकडे तोंड करून वाजवत होता. दर वेळी मास्तर वाद घालायचे, दर वेळी घसा बसायचा आणि वर्षभरात नवा कुणीतरी यायचा. या वेळी शिष्यांनी सिद्धासाठी खोली मागितली तेव्हा त्यांनी निमूटपणे किल्ली काढून दिली. वाद घालण्याचासुद्धा कंटाळा येतो माणसाला.

त्यातून भाचीचा प्रश्न होता. थोरल्या बहिणीची ही मुलगी आठव्या वर्षापासून त्यांच्याकडे शिकत होती. शहराच्या वाद्यवृंदात ड्रमची एकच जागा निघाली होती, तीही कितीतरी वर्षांनी. परीक्षेत बारा मिनिटांची रचना न थांबता वाजवायची. सातव्या मिनिटाला भाचीच्या उजव्या हाताला पेटका यायचा, बोटं स्टिकवर कुलूप लावल्यासारखी मिटायची आणि खेळ खलास. मास्तरांनी तेल चोळून पाहिलं, विश्रांती देऊन पाहिली. शेवटी ताईने तिला सिद्धाकडे नेलं.

सिद्धाने तिच्या मनगटाला काळा दोरा बांधला, त्याचं एक टोक तळहातावरून मधल्या बोटात अडकवलं आणि तळहाताच्या मधोमध एक टणक गाठ मारली. सोबत नियम दिले. ही गाठ कधी चिरडायची नाही, चिरडली की शक्ती उडाली. वाजवण्याआधी पाव तास अगदी हळू, आवाज न करता मौनवादन करायचं. आणि त्याने फुंकर मारलेलं पाणी तीन पेले प्यायचं.

तीन आठवडे पेटका आला नाही. बारा मिनिटं बारा वेळा वाजवून झाली. मास्तर गप्प बसले. खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला होता आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती.

परीक्षा दोन दिवसांवर आली आणि सकाळी सराव करताना दोरा तुटला. स्टिक घासून घासून तो झिजलाच होता. भाचीने घाबरून तशीच रचना पुन्हा सुरू केली आणि चौथ्याच मिनिटाला हात आखडला.

दुपारी मास्तर बहिणीच्या घरी पोचले, तेव्हा ताई सिद्धाला भेटून परत आली होती.

"चाळीस दिवस स्टिकला हात लावायचा नाही म्हणालेत," ताई म्हणाली. "घरात कुणीतरी मनातून हसत असेल तर दोरा तुटतो. कोण हसतं ते मी काही बोलले नाही."

"परीक्षा परवा आहे, ताई."

"मला माहीत नाही का? पण हात कायमचा गेला तर? तूच भरून देणार आहेस का?"

भाची स्वयंपाकघराच्या टेबलाशी तळहात उताणा टाकून बसली होती. रडून झालं होतं. मास्तर तिच्यासमोर बसले. ते त्या हाताकडे बघत राहिले. तळहाताच्या मधोमध हरभऱ्याएवढा लालसर वण होता.

"हे काय गं?"

"गाठ टोचायची तिथे."

"दुखायचं नाही?"

"स्टिक आवळली की दुखायचं. मग बोटं आपोआप सैल व्हायची. आणि चिरडायची नाही असंही होतंच ना, मामा."

 मास्तर चहाही न घेता उठले आणि क्लासात आले. दार लावून घेतलं, बुटाची नाडी काढली, तिला गाठ मारली आणि भाचीच्या दोऱ्यासारखीच हाताला बांधली. स्टिक उचलली. सवयीने मूठ आवळली गेली तशी गाठ कचकन रुतली. सैल केली तर रुतेना. ते दहा मिनिटं वाजवत राहिले. तीस वर्षं त्यांचा खांदा आणि कोपर ठणकत आलं होतं आणि हे ड्रमवाल्याच्या नशिबाचं दुखणं आहे असं ते धरून चालले होते. त्या दिवशी ते ठणकलं नाही. मास्तरांनी स्टिक खाली ठेवली आणि भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. 

दुसऱ्या दिवशी सिद्धाची बैठक होती. माणसं तीच, खोकी तीच. ताई भाचीला घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. सिद्धाने तोंड उघडायच्या आत मास्तर मध्ये येऊन उभे राहिले. खालून टायरवाल्याला त्यांनी आधीच बोलावून ठेवलं होतं. काळ्याकुट्ट हातांचा हा आडदांड माणूस आयुष्यात कधी ड्रमला शिवला नव्हता.

"दोन मिनिटं द्या," मास्तर थकल्या आवाजात म्हणाले. "कारकूनसाहेब, त्या संध्याकाळसारखं वाजवा आणि मूठ आवळा."

कारकून तयारच होता. तीन मिनिटं वाजवून, मनगट आत वळवून त्याने मूठ आवळली. पेटका आला.

"आता टायरवाले याला बरं करतील. बोटं हळूच मागे न्यायची. मंत्रही म्हणा."

"मला कुठला मंत्र येतोय, मास्तर?"

"जो येतो तो."

टायरवाल्याने कारकुनाचा हात धरला, डोळे मिटले आणि गंभीरपणे टायरची मापं म्हणायला सुरुवात केली. "एकशेपंच्याण्णव पासष्ट पंधरा. दोनशेपाच पंचावन्न सोळा. ट्यूबलेस." बोटं मागे गेली, गोळा विरघळला, हात मोकळा झाला. आधी जिन्यात कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळी खोली हसली. हसली नाही ती फक्त ताई.

"दमलेला स्नायू आखडून धरला की त्याला पेटका येतो आणि ताणला की बहुतेकदा सुटतो," मास्तर म्हणाले. "पेटका यांनीच आणवला आणि यांनीच घालवला. मौनवादन म्हणजे हात गरम करणं. थंड हाताने एकदम जोर लावू नये, एवढंच त्यात आहे. पाणी म्हणजे पाणी. घाम गाळायचा तर ते प्यायलाच हवं, फुंकर नसली तरी चालेल."

"आणि गाठ?" सिद्धाने शांतपणे विचारलं. "तिचा हात तीन आठवडे का आखडला नाही, ते सांगा की सगळ्यांना."

मास्तरांनी आपला हात वर केला. बुटाची नाडी अजून बांधलेलीच होती. "कारण गाठ टोचते. टोचली की पकड सैल होते. सैल पकडीचा हात लवकर दमत नाही. काल मी स्वतःवर करून पाहिलं."

"नाडीत शक्ती नसते."

"नाही ना? दोऱ्यातही नव्हती."

 मग पहिल्या रांगेतून भाचीने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं.

"मग मामा, तुम्ही आम्हाला घट्ट धरायला का शिकवलंत?"

हा प्रश्न येणार हे मास्तरांना रात्रीपासून ठाऊक होतं.

"मी तुझ्याएवढा होतो तेव्हा भर कार्यक्रमात माझी स्टिक हातातून उडाली. लोक हसले. माझे गुरुजी म्हणाले, घट्ट धर. मी धरली. तेच इथे लिहिलं आणि तेच तुम्हाला शिकवलं. खरं म्हणजे त्या दिवशी माझ्या हाताला घाम आला होता, तो पुसला असता तरी भागलं असतं. तीस वर्षं माझा हात दुखतोय आणि एकदाही मी विचारलं नाही की का दुखतो. यांच्या गाठीवर तुम्ही विश्वास ठेवलात, माझ्या पाटीवर मी ठेवला. त्यात माझी चूक मोठी, कारण मी शिकवणारा."

 कारकून आपला तळहात उलटसुलट करून बघत होता.

सिद्ध आपली पिशवी उचलून निघाला. मास्तर त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेले. खाली उतरताना तो थांबला आणि हळूच म्हणाला, "पहिल्या दिवशी वर आलो तेव्हाच तुमची भिंत वाचली, मास्तर. बाकी काही करावंच लागलं नाही मला."

"मग सरळ सांगितलं का नाहीस त्या पोरीला?"

"सरळ सांगितलेलं कोण ऐकतं?"

 चाळीस दिवस वाजवू नको, हे मात्र तिने ऐकलं असतं आणि जागा गेली असती. हे मास्तरांच्या मनात येईपर्यंत तो माणूस रस्त्याला लागलाही होता.

परीक्षेच्या सकाळी ताई भाचीसोबत आली, पण मास्तरांशी बोलली नाही. भाचीच्या हाताला दोरा नव्हता. तिने बाहेरच्या बाकावर पाव तास सरावाच्या रबरी पॅडवर हळूहळू वाजवलं, पाणी प्यायली, हात रुमालाने कोरडे पुसले आणि जादा स्टिकची जोडी घेऊन आत गेली. दार बंद झालं. मास्तर घड्याळ बघत उभे राहिले.

पाचवं मिनिट गेलं, सहावं गेलं. सातव्याला त्यांच्याच हाताची मूठ वळली होती, ती त्यांनी मुद्दाम उघडली. सातवं गेलं. नववं गेलं. दहाव्या मिनिटाला आत काहीतरी फरशीवर टणटणत गेलं आणि दोन ठोके रिकामे राहिले. तीस वर्षं ज्याची भीती बाळगली होती ते हेच. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. तिसरा ठोका आला, चौथा आला आणि रचना पुढे चालू लागली, शेवटपर्यंत.

भाची बाहेर आली. "स्टिक पडली, मामा."

"ऐकलं मी."

"दुसरी घेतली."

"तेही ऐकलं. हात?"

तिने बोटं उघडून मिटून दाखवली. काही झालं नव्हतं.

चार दिवसांनी तिला जागा मिळाल्याचं कळलं. त्या दिवशी ताई पेढे घेऊन आली, बसली, आणि निघताना दारात म्हणाली, "गाठीचा गुण थोडा अंगात उरला असणार. तीन आठवडे काही कमी नाहीत."

मास्तर हसले. वाद घालायची ताकद त्यांच्यात नव्हती, तरी त्यांनी बहिणीला खाली बसवलं, बुटाची नाडी काढली आणि पहिल्यापासून पुन्हा समजावून सांगायला घेतलं. तिला पटलं की नाही कोण जाणे. उद्या परत सांगावं लागेल. तेवढं करावंच लागतं, नाहीतर जिन्याने दुसरा कुणी वर येतोच.

ती गेल्यावर त्यांनी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि भिंतीवरची लाल अक्षरं पुसून टाकली. रंग वाळायला दुपार गेली. मग त्यांनी त्याच जागी, हात सैल ठेवून लिहिलं : दुखलं तर थांबा. का दुखलं ते विचारा. मलाही विचारा.