लशीची पेटी

“पेटी जमा केल्याशिवाय तुमची पेन्शन हलायची नाही, सिस्टर,” कारकून मान वर न करता म्हणाला.

“अहो, मोडकी होती ती. मोठ्या डॉक्टरांनीच सांगितलं, घेऊन जा घरी म्हणून.”

“तोंडीच ना? ते डॉक्टर गेले बदलून. पेटी अजून तुमच्या नावावर आहे. मी तरी काय करू?”

सुईबाईंचा उभा जन्म आरोग्य केंद्रात लसी टोचण्यात गेला होता. त्यांना पाहिलं की पोरं पलंगाखाली दडायची, म्हणून हे नाव. निवृत्त होऊन वर्ष उलटलं तरी पेन्शनचा पत्ता नव्हता. आधी जन्मतारीख चुकली, मग कुणाची तरी सही राहिली, आता ही पेटी. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! भांडायचं तरी कसं? आपलाच हात दगडाखाली.

पेटी परत द्यायला त्यांची ना नव्हती. पण नवऱ्याचं इन्सुलिन तिच्यात असे. फ्रिज हिवाळ्यातच विकून खाल्ला होता. रोज पहाटे शेजारणीकडून बर्फ आणायचा आणि पेटीत भरायचा, असं चाललं होतं. आता तर उन्हाळा तोंडावर आला होता, आणि औषधाची ती शेवटची बाटली होती.

“देऊन टाक,” नवरा म्हणाला. “आधी लसी टिकवल्यास, मग नवरा. मी काय, माठाजवळही टिकेन.”

“तुम्ही टिकाल हो, औषध टिकायला नको?”

“पेन्शन आली की फ्रिज आणू. दोन दारांचा.”

दोघं हसली.

सकाळी त्यांनी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवली, पेटी बाहेरून पुसून लख्ख केली आणि कचेरी गाठली.

भांडारपालाने झाकण उघडलं. “बाई, आत बर्फ कशाला भरलाय?”

सुईबाई ओशाळल्या. पहाटे नेहमीसारखा बर्फ आणून आपण पेटी भरली, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. “हाताची सवय हो. रिकामी पेटी घेऊन कधी बाहेर पडलेच नाही.”

तो हसला. त्याने नोंद केली, पेटी अंगणात नेली आणि मोडक्या खाटांच्या ढिगावर भिरकावली.

“झालं ना आता माझं काम?”

“कागद वर जाईल. पुढच्या महिन्यात एक चक्कर मारा.”

“अजून पुढच्या महिन्यात?”

“सरकारी काम, बाई. तुम्हाला मी काय सांगायचं?”

इतकी वर्षं आपण इमानाने राबलो, कधी तोंड वर करून काही मागितलं नाही, याचाच आज सुईबाईंना पस्तावा झाला.

फाटकापर्यंत जाऊन त्या मागे फिरल्या. उन्हात पेटीचं झाकण उघडं पडलं होतं. त्यांनी आत हात घातला. बर्फ अजून टणक होता. रुमालात बांधून न्यावा, तर बस येईपर्यंतच त्याचं पाणी झालं असतं. पेटीत मात्र तो संध्याकाळपर्यंत सहज टिकणार होता.

त्यांनी झाकण लावलं, तुटकी कडी अंगठ्याने दाबून नीट बसवली, पेटी काखेत मारली आणि भरभर घराकडे निघाल्या. ऊन चढत होतं.