वाऱ्याच्या माथी

फेब्रुवारीत चार टायर घेतले की गावातलं टायरचं दुकान बीफचा गोठवलेला पुडा फुकट देतं. त्यामुळे जानेवारीत टायर किती का गुळगुळीत होईनात, आयडाहोतला शहाणा माणूस थांबतो. ओर्विल ट्वीडी तर स्वतःला शहाण्यांचा मुकादम समजायचा.

पण यंदा पुड्याहून मोठी गोष्ट पणाला लागली होती. सप्टेंबरात लोलोच्या घाटात त्यांचा ट्रेलर, म्हणजे पलंग, चूल आणि मोरीसकट ट्रकमागे ओढायचं घर, असा झुलायला लागला की ट्रकही डोलू लागला. त्याची बायको व्हर्ना शेजारी विणत बसली होती, तिच्या हातातलं विणकाम खाली पडलं. घरी आल्यावर तिने शांतपणे सांगितलं, झुलण्याचं खरं कारण कळेपर्यंत मी त्या ट्रकमध्ये लांब जाणार नाही. ओर्विल म्हणाला, वारा होता. कॅफेतल्या सकाळच्या टोळक्यालाही त्याने तेच सांगितलं, आणि दर खेपेला वाऱ्याचा वेग थोडा वाढवला. पुढे पुढे तर व्हर्नाच्या पीचच्या बरण्यांचं ओझंही जोडीला आलं. एप्रिलमध्ये मोंटानात व्हर्नाच्या बहिणीकडे जायचं होतं, आणि व्हर्नाने स्वतःपुरतं बसचं तिकीट पाहून ठेवलं होतं. चाळीस वर्षांत ओर्विल तिच्याशिवाय कुठे गेला नव्हता.

दुकानात ब्रिन होती. शाळेत असताना ती व्हर्नाच्याच बसने यायची. व्हर्नाने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. ओर्विलने आल्या आल्या भिंतीवरच्या टायरकडे बोट दाखवलं. जाड जाड गोट्यांचा, पांढऱ्या ठळक अक्षरांचा टायर. जुने असेच होते. ते घातले की ट्रक पैलवान दिसायचा.

"काका, मागे काय ओढता?" ब्रिनने विचारलं.

"छोटासा ट्रेलर. पाच हजार पौंड."

"रिकामा की भरलेला?"

ओर्विल म्हणाला, पुस्तिकेत तसं लिहिलंय. व्हर्नाही त्याच्याबरोबर आली होती. ती म्हणाली, "सप्टेंबरात भरला होतास तसाच भर आणि धान्याच्या काट्यावर घाल. घोडामैदान जवळच आहे."

ओर्विल मनातून खूश झाला. आता बरण्यांचं बिंग फुटणार होतं. शनिवारी चांगलं ऊन पडलं, पाणी गोठायची भीती नव्हती. गहू तोलायच्या काट्यावर ट्रेलर चढला आणि आकडा आला सहा हजार नऊशे.

"बरण्या," ओर्विल म्हणाला.

व्हर्नाने बाराच्या बारा बरण्या उतरवून ठेवल्या. काटा चाळीस पौंडांनी हलला. मग तिने पाण्याच्या टाकीचा नळ सोडला. आपल्या विहिरीच्या पाण्याशिवाय कॉफीला चव नाही, म्हणून ओर्विल दर खेपेला पन्नास गॅलन भरून न्यायचा. पाठोपाठ बिडाची तीन जाडजूड भांडी निघाली, हत्यारांची पेटी निघाली, जनरेटर निघाला, आणि नाल फेकायच्या खेळाचे लोखंडी खुंटे नालांसकट निघाले. काटा नऊशे पौंडांनी उतरला.

काट्यावरच्या म्हाताऱ्याने खिडकीतून डोकं काढलं. "ओर्विल, अख्खी विहीरच बांधून न्यायची होतीस."

दोघं दुकानात परत आली तेव्हा ओर्विलच्या तोंडचं पाणीही टाकीबरोबर गेलं होतं. ब्रिनने पांढऱ्या अक्षरांच्या टायरची बाजू अंगठ्याने दाबून दाखवली. ही भिंत मऊ, ती म्हणाली, एवढ्या ओझ्याखाली फुगते आणि डुलते. मग तिने दुसरा टायर गडगडत आणला. दहा प्लायचा, म्हणजे दहा थरांच्या ताकदीचा, कडक भिंतीचा, काळाकुट्ट, आणि दिसायला अगदीच रडका.

ओर्विलने त्या टायरकडे पाहिलं. मग टोपी काढून हातात घेतली.

"व्हर्ना, वारा नव्हता. त्या दिवशी घाटात झाडाचं पान हलत नव्हतं. तू कडक टायर घे म्हणाली होतीस. मी दिसण्यावर भाळलो."

"आणि पाणी?"

"पाणीही माझंच."

"मला घाटातच कळलं होतं. पोरांनी भरलेली बस हाकलीय मी, मागचं ओझं का झुलतं ते मला कळत नाही होय? तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून थांबले."

"म्हणजे येशील?" चाळीस वर्षांपूर्वी नाचायला येतेस का म्हणून विचारलं होतं, तेव्हाही त्याचा आवाज असाच चिरकला होता.

"येईन की."

तासाभरात चार रडके टायर चढले. ब्रिनने पुडा त्याच्या हातात दिला. ओर्विल शीळ घालत ट्रककडे गेला, तर व्हर्ना आधीच स्टिअरिंगमागे बसून सीट पुढे ओढत होती.

"एप्रिलमध्ये घाट मी चालवणार," ती म्हणाली. "आजपासून सराव."

ओर्विल वळसा घालून दुसऱ्या बाजूने चढला. मांडीवरचा पुडा बर्फासारखा गार लागत होता, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही.

"समोरच्या खणात माझी लोकर आहे, घाटात पडलेली," गिअर टाकता टाकता व्हर्ना म्हणाली. "रिकामा बसू नकोस. गुंता तूच केलायस, तूच सोडव."