लाल बस ओली असताना

आमच्या ड्रायव्हरबाईंची, म्हणजे माझ्या बायकोची, आज शेवटची फेरी. बस डेपोत लावली की निवृत्ती. महिनाभर विषय काढला की ती एकच म्हणायची, "घरी बसून मी काय करू हो?" आणि तोंड फिरवायची. मला त्याचीच धास्ती होती. म्हणून मी तिच्या बसचं हातभर मॉडेल गुपचूप बनवलं. ती संध्याकाळी दारात आली की समोर लाल बस, असा बेत. राहिला होता फक्त रंग.

आणि रंगानेच माझं नाक कापलं. जन्मभर लोकांची घरं रंगवली मी! पण एअरब्रशमधून, म्हणजे हवेने रंग फवारणाऱ्या पेनातून, येणारा लाल रंग इतका खरखरीत बसायचा, की त्यावर काडी ओढली तर पेटली असती. खरवडून पुन्हा मारला, तरी तेच. त्याच्या आतल्या सुईच्या टोकाशी रंग वाळून फवारा तुंबायचा तो वेगळाच वैताग. इथली हवा इतकी कोरडी, की नुसतं हसलं तरी ओठ फुटतात. त्यात मी खोलीत हीटर लावलेला. भिंत लवकर वाळली की दुसरा हात लवकर मारता येतो, ही हाडात मुरलेली सवय.

दुपारी झक मारत मॉडेलच्या दुकानदाराला फोन केला.

"हीटर? काका, कमाल करता!" तो हसतच सुटला. "ॲक्रिलिक रंग आहे तो, झटकन वाळणारा. तुमचा रंग वाटेतच वाळतोय, बसवर नुसती भुकटी पडतेय. हीटर बंद करा, हवेचा दाब उतरवा, जवळून मारा. आणि मी दिलेलं रिटार्डर टाका थोडं."

रिटार्डर म्हणजे रंग उशिरा वाळवणारं औषध. असलं औषध मी कशाला उघडतोय? बाटली सीलबंदच होती.

नाइलाजाने फोडली. सुईचं टोक ओल्या ब्रशने पुसत, हलक्या हाताने रंग मारत गेलो. तो असा सरळ, गुळगुळीत बसला की मी एकटाच "अरे वा!" म्हणून ओरडलो. पण संध्याकाळ झाली तरी वाळायचं नाव नाही. शेवटी हीटरच्या बटणाकडे हात गेला, तेवढ्यात ती आत आली. हातात डेपोने दिलेली फुलं, डोळे सुजलेले.

"माझी बस?"

"हात लावू नकोस, ओली आहे!" मी खेकसलो आणि मग वरमलो. "पचका झाला गं. सकाळपर्यंत काही वाळत नाही."

तिने वाकून चारी बाजूंनी बस पाहिली. "मागच्या दाराशी पोचा कुठाय?"

"तो कशाला दाखवायचा?"

"अहो, मी पाडलाय तो! पहिल्याच वर्षी." ती हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. फुलं टेबलावर ठेवून तिने खुर्ची ओढली. "वाळू दे सावकाश, मला कुठे पहाटे उठायचंय? पण पोचा उद्या मी पाडणार. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."